चित्रासमोर किती वेळ थांबावे?

समकालीन कलेची प्रदर्शने पाहताना आलेले अनुभव आणि पडलेले प्रश्न कळवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेच्या मर्यादेमुळे पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून चिपळूणला राहतो. मुंबईला मुलाकडे गेलो असता त्याने मला एका प्रदर्शनाला नेले. तेथे वासुदेव गायतोंडे यांचे एक उभे, पिवळसर चित्र होते. मी त्याच्यासमोर पाच मिनिटे थांबलो, पण मला त्यात कोणतीही वस्तू दिसली नाही आणि पाटीवरही ‘शीर्षक नाही’ एवढेच लिहिलेले होते. पुढच्या दालनात छताला टांगलेल्या काही वस्तू होत्या आणि भिंतीवर लांबलचक मजकूर होता. तो मजकूर मी दोनदा वाचला, तोही समजला नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, हे समजून घ्यायचे नसते, अनुभवायचे असते.” हे मला पटले नाही. माझ्यासारख्या सामान्य माणसाने अशी प्रदर्शने पाहावीत का?

उत्तर : आपल्या मुलाचे वाक्य आपल्याला पटले नाही, हे वाचून मला बरे वाटले. ते वाक्य चुकीचे नाही, पण ते फार लवकर उच्चारले जाते आणि त्यानंतर विचारणाऱ्याला पुढे काही विचारण्याची सोय उरत नाही. चित्र समजून घेता येते. फक्त ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न पहिला नसावा. ‘हे कसे केले असेल’ हा प्रश्न आधी विचारावा, कारण त्याचे उत्तर समोर कॅनव्हासवरच असते.

आपण बँकेत होता, म्हणून एक आठवण करून देतो. धनादेशावरील सही पडताळताना आपण खातेदाराचे नाव वाचत नव्हता. रेघेचा दाब कोठे वाढला आहे, पेन कोठे उचलला गेला आहे, शेवटचे वळण सहज आले आहे की जपून काढले आहे, हे आपण पाहत होता. म्हणजे हाताने सोडलेल्या खुणांवरून हाताकडे जाण्याचे काम आपण वर्षानुवर्षे केले आहे, आणि गायतोंडे यांच्या चित्रासमोर नेमके तेच काम करायचे असते. ‘सामान्य माणूस’ म्हणून आपण स्वतःला जे बाजूला काढले, ते मला मान्य नाही.

गायतोंडे यांचा जन्म 1924 मध्ये नागपूरला झाला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये त्यांनी पदविका घेतली, 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, 1972 मध्ये दिल्लीला स्थायिक झाले आणि 2001 मध्ये त्यांचे निधन झाले. ऐन बहराच्या काळात त्यांनी ब्रश जवळजवळ बाजूला ठेवून रोलर आणि रंगसुरी यांनी काम केले. रंगाचा एक थर द्यायचा, त्याचा काही भाग उचलून घ्यायचा, खरवडायचा किंवा पुसायचा, त्यावर दुसरा थर द्यायचा, आणि पुन्हा तेच. वर्षाकाठी त्यांच्या हातून मोजकीच चित्रे होत असत. ‘शीर्षक नाही’ हा त्यांचा आळस नव्हता. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलेही त्यांना चालत नसे, ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणावे असा त्यांचा आग्रह असे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. अमूर्त म्हटले की मुळात एखादी मूर्त वस्तू होती आणि ती गाळत गाळत चित्र झाले, असे आपण गृहीत धरतो आणि मग डोंगर, सूर्य, चेहरा असे काहीतरी त्यात शोधत बसतो. गायतोंडे यांच्या चित्रात असे काही लपवून ठेवलेलेच नाही. आपल्याला वस्तू दिसली नाही, याचा अर्थ आपल्या डोळ्यांनी आपल्याला फसवले नाही.

पुढच्या वेळी असे चित्र समोर आले, तर आधी दहा पावले मागे उभे राहावे आणि मग आखलेल्या रेषेपर्यंत जवळ जावे. त्यानंतर बाजूला सरकून, प्रकाश जेथे तिरपा पडतो तेथून पृष्ठभाग पाहावा. सारवलेल्या अंगणात कालच्या रांगोळीची रेघ जशी पुसट राहते, तसा खालचा थर कोठे वर डोकावतो ते शोधावे, आणि यातला कोणता रंग आधी लावला असेल आणि कोणता नंतर, हे मनाशी ठरवून पाहावे. यात किती वेळ गेला ते मोजू नये. उन्हातून देवळात शिरलेल्या माणसाला गाभाऱ्यातील मूर्ती लगेच दिसत नाही, आणि त्यात मूर्तीचाही दोष नसतो आणि माणसाचाही नसतो. आपण पाच मिनिटे थांबलात, ही थोडी गोष्ट नव्हे.

आता भिंतीवरच्या मजकुराविषयी. दोनदा लक्ष देऊन वाचूनही तो समजला नसेल, तर तो लिहिणाऱ्याने नीट लिहिलेला नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन. आपल्याकडे कलेविषयीचे बरेचसे लेखन परक्या भाषेतील संज्ञांची ओझी वाहत असते आणि मराठीत ते आणताना संज्ञा तेवढ्या बदलल्या जातात, वाक्य मात्र परकेच राहते. तरीही मजकूर पूर्णपणे टाळू नये. क्रम मात्र पाळावा : आधी पाहणे, मग वाचणे आणि वाचून झाल्यावर पुन्हा पाहणे. हे तिसरे पाऊल बहुतेक जण गाळतात.

हा क्रम मला शिल्पा गुप्ता यांच्या एका मांडणशिल्पाने शिकवला. कोची येथील 2018-19 च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आणि 2019 मध्ये व्हेनिसला ते दाखवले गेले. अंधाऱ्या जागेत शंभर मायक्रोफोन टांगलेले होते आणि प्रत्येकाखाली उभ्या केलेल्या टोकदार सळईत कवितेचे एकेक पान खुपसलेले होते. मायक्रोफोन हे आपला आवाज आत घेणारे यंत्र, पण येथे त्यांतूनच आवाज बाहेर येत होते. एक आवाज कवितेची ओळ म्हणत असे आणि मग बाकीचे त्याला साथ देत असत, तेही अनेक भाषांत. मी आधी काहीही न वाचता त्या आवाजांतून फिरलो. त्यानंतर वाचले की हे सारे कवी त्यांच्या कवितांमुळे किंवा विचारांमुळे तुरुंगात टाकले गेलेले आहेत आणि त्यांत शेकडो वर्षांपूर्वीचेही आहेत. शीर्षक नसीमी या चौदाव्या शतकातील कवीच्या ओळीवरून घेतलेले आहे. तुझ्या भाषेत मी मावत नाही, असा त्याचा आशय. हे कळल्यावर पुन्हा आत गेलो तेव्हा प्रथम माझे लक्ष आवाजांकडे गेले नाही, सळईने भोसकलेल्या त्या कागदांकडे गेले. मजकूर आधी वाचला असता, तर मी फक्त त्याचे प्रात्यक्षिक पाहिले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रश्न : गायतोंडे आमच्या नागपूरचे, म्हणून अभिमान वाटतो. पण त्यांच्या एका चित्राला 23 कोटींहून अधिक किंमत आली, हे वाचून धक्का बसला. चित्राची किंमत आणि त्याची गुणवत्ता यांचा काही संबंध असतो का?

उत्तर : आपण उल्लेख केलेली विक्री डिसेंबर 2013 मध्ये मुंबईत क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या भारतातील पहिल्या लिलावात झाली आणि किंमत 23 कोटी 70 लाख रुपये होती. लिलावात किंमत ठरते ती एकाच चित्राची इच्छा धरणाऱ्या दोन श्रीमंत माणसांमुळे. गायतोंडे यांनी मुळातच थोडी चित्रे काढली आणि ते हयात नसल्याने त्यांत भर पडणार नाही, हेही एक कारण आहे. यातला एकही रुपया त्यांना पाहायला मिळाला नाही. चित्रासमोर उभे असताना ही संख्या मनातून काढून टाकावी, कारण ती आठवली की माणूस चित्र पाहण्याऐवजी त्यात 23 कोटी कोठे आहेत ते शोधू लागतो.

प्रश्न : मी सांगलीला परिचारिका आहे. जानेवारी 2017 मध्ये आम्ही केरळच्या सहलीला गेलो असता फोर्ट कोचीतील अ‍ॅस्पिनवॉल हाऊस या जुन्या वखारीत एक प्रदर्शन पाहिले. एका लांब दालनात समुद्राचे पाणी भरलेले होते. चपला काढून, साडी वर धरून पोटरीपर्यंतच्या पाण्यातून चालत गेल्यावर शेवटच्या भिंतीवर समुद्रात बुडून मरण पावलेल्या एका मुलाविषयी काही ओळी होत्या. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणाले, “पाण्यात चालण्यात कसली आली कला?” मला उत्तर देता आले नाही. पुढे ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला आणि मी खरोखरच गुडघाभर पाण्यातून कामावर गेले. त्या वेळी मला कोचीचे ते दालन आठवले आणि त्याची मला लाज वाटली. आजूबाजूला लोकांचे संसार वाहून गेलेले असताना मला प्रदर्शन कसे आठवले? हे आजवर कोणाला सांगितले नव्हते.

उत्तर : ताई, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. आधी यजमानांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो चांगला प्रश्न आहे.

ती रचना चिलीचे कवी राऊल झुरिता यांची होती. ‘सी ऑफ पेन’ हे तिचे नाव, म्हणजे वेदनेचा समुद्र. मुंबईचे कलावंत सुदर्शन शेट्टी यांनी संयोजन केलेल्या त्या प्रदर्शनात ती मांडलेली होती. पाण्यात चालणे ही कला नव्हे, हे यजमानांचे म्हणणे खरे आहे. रोज कालव्याच्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाला ते खटकणारच. पण झुरिता यांनी आपल्याला पाण्यात चालवून नेमके काय केले, ते पाहावे. पाण्यातून माणसाला घाईने चालता येत नाही. एरवी प्रदर्शनात एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे आपण भरभर सरकतो. येथे प्रत्येक पाऊल उचलून टाकावे लागत होते आणि पाण्याचा आवाज सगळ्यांच्या कानांवर पडत होता. बाजूच्या भिंतींवर लहान लहान प्रश्न होते : तू ऐकत नाहीस का, तू पाहत नाहीस का, अशा अर्थाचे. शेवटची भिंत गाठेपर्यंत मुख्य मजकूर वाचता येत नव्हता, आणि तो वाचून झाल्यावर परत यायलाही वाट त्याच पाण्यातून होती. कागदावर ती कविता कोणीही एका मिनिटात वाचली असती. येथे तिच्यापर्यंत जाण्याचा वेळ कवीने ठरवला होता आणि वाचल्यानंतर ती घेऊन पुन्हा पाण्यातून परतणेही त्यानेच ठरवले होते. ही योजना म्हणजे त्या रचनेचा अर्धा भाग आहे.

आता त्या मुलाविषयी. सप्टेंबर 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाळूत पालथ्या पडलेल्या एका चिमुकल्याचे छायाचित्र जगभर छापले गेले होते. तो आलान कुर्दी, सीरियातून निघालेल्या कुटुंबातला. आपण भिंतीवर वाचले ते मात्र त्याच्याविषयी नव्हते. ते त्याच्या थोरल्या भावाविषयी, गालिपविषयी होते. गालिप आणि त्यांची आई त्याच रात्री बुडाले, पण गालिपचे तसे छायाचित्र कोणी काढले नाही, म्हणून जगाला तो माहीत नाही. मी त्याचा बाप नाही, पण तो माझा मुलगा आहे, अशा आशयावर झुरिता यांनी कविता संपवली होती. सर्वांनी पाहिलेल्या मुलाचे चित्र त्यांनी पुन्हा दाखवले नाही. कोणी न पाहिलेल्या मुलासाठी एक दालन रिकामे ठेवले आणि त्यात पाणी भरले. मला यात फार मोठा संयम दिसतो.

झुरिता यांना समुद्र परका नव्हता. 1973 मध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा ते तरुण विद्यार्थी होते. त्यांना पकडून वालपराइसो बंदरात एका जहाजाच्या तळाशी कोंडून ठेवले गेले. त्या राजवटीत मारल्या गेलेल्या अनेक कैद्यांचे मृतदेह समुद्रात टाकले गेले, त्यामुळे त्यांच्या नातेवाइकांना अंत्यसंस्कारही करता आले नाहीत. मृतांना सामावून घेणारा समुद्र त्यांच्या कवितेत आयुष्यभर आहे. कोचीच्या दालनातले पाणी हे त्याच ओढीने आलेले आहे. हे माहीत नसतानाही ती रचना आपल्यापर्यंत पोहोचली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

या रचनेवर एक आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळणार नाही. सहलीला आलेल्या माणसांनी तिकीट काढून, हातात मोबाइल धरून, सुरक्षित पाण्यात चालावे आणि बाहेर येऊन चहा प्यावा, याने बुडालेल्या मुलाला काय मिळाले? काही मिळाले नाही. कलाकृतीने कोणाला वाचवले, असा दावा मी कधीही करणार नाही.

म्हणूनच आपल्याला वाटलेल्या लाजेविषयी मला सांगायचे आहे. पुराच्या पाण्यात असताना कोचीचे पाणी आठवले, याचा अर्थ आपण पुराला प्रदर्शन मानले असा होत नाही. आपण तेव्हा कामावर निघाला होता आणि थांबला नाहीत. उलट मला वाटते की कोचीला जे आपल्या पायांना कळले होते ते अडीच वर्षे तसेच पडून होते, आणि सांगलीच्या पाण्याने त्याला आपल्याच गावातला संदर्भ दिला. दूरच्या समुद्रातले एक मूल आणि आपल्या शेजारचे एक घर ही दोन्ही आपल्या मनात एकाच वेळी उभी राहिली. यात लाजण्यासारखे काय आहे? यजमानांना आपण हे सांगितले नसेल, तर सांगून पाहावे. पुराचे पाणी त्यांनीही पाहिले असेल.

प्रश्न : मी ठाणे जिल्ह्यातील माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. नववीच्या चाळीस विद्यार्थ्यांना मुंबईत प्रदर्शन दाखवायला न्यायचे आहे. मागच्या वर्षी नेले तेव्हा मुले वीस मिनिटांत सगळी दालने फिरून बाहेर येऊन बसली. काय करावे?

उत्तर : सगळी दालने दाखवू नयेत. आपण आधी एकटे जाऊन तीन कलाकृती निवडाव्यात आणि मुलांना तेवढ्याच पाहायच्या आहेत असे सांगावे. मुले दहा-दहाच्या गटांत असावीत, कारण चाळीस मुले एका चित्रासमोर उभी राहिली की मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. प्रत्येक गटाला एकच काम द्यावे : चित्रात जे आहे ते मोठ्याने सांगायचे, चांगले-वाईट मात्र आत्ता म्हणायचे नाही. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने पुन्हा सांगायची नाही. पहिल्या पाच गोष्टी सगळ्यांना दिसतात आणि दहाव्या गोष्टीनंतर पाहणे सुरू होते. आपण स्वतः त्या वेळी माहिती देऊ नये, हे शिक्षकाला सर्वांत कठीण जाते. मलाही जात असे.

आपली मुले ठाणे जिल्ह्यातील आहेत, म्हणून सुधीर पटवर्धन यांची चित्रे कोठे लागलेली असतील, तर ती अवश्य निवडावीत. पटवर्धन यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याला झाले, ते पुढे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत राहिले आणि 2005 मध्ये तो थांबवून पूर्ण वेळ चित्रे काढू लागले. त्यांच्या चित्रांत ठाण्याचे रस्ते, रेल्वे, कारखाने, अर्धवट बांधलेल्या इमारती आणि कामावरून परतणारी माणसे आहेत. मुले आधी ओळखीची जागा शोधतील आणि लगेच म्हणतील की हा पूल येथे नाही, ही इमारत तिकडे आहे. त्याच क्षणी त्यांना विचारावे की चित्रकाराने ती का हलवली असेल. क्ष-किरणाच्या फिल्मकडे रोज पाहणारा माणूस शरीराकडे कसा पाहत असेल, हा प्रश्नही नववीच्या मुलांना झेपतो. परतल्यावर निबंध लिहून घेऊ नये. आठवणीतून एका चित्राचा आराखडा काढून घ्यावा आणि कोणती गोष्ट सगळ्यांच्याच आराखड्यात आली, ते वर्गात ताडून पाहावे.

प्रश्न : जहांगीर कलादालनात एका तरुण चित्रकर्तीचे प्रदर्शन पाहिले. ती स्वतः तेथे बसलेली होती. दोन चित्रे मला आवडली, बाकीची आवडली नाहीत. निघताना तिने अभिप्रायवही पुढे केली. काय लिहावे ते न सुचल्याने ‘अप्रतिम! पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असे लिहून बाहेर पडले. नंतर वाटले की मी खोटे लिहिले. अशा वेळी काय लिहावे?

उत्तर : जहांगीरमध्ये बहुतेक प्रदर्शने आठवडाभराची असतात आणि त्या दिवसांत कलावंत आपल्या चित्रांजवळ बसून असतात. काला घोड्याच्या त्या दालनाची 1952 पासूनची ही पद्धत मला मोलाची वाटते, कारण तेथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत आणि चित्र काढणारा व पाहणारा यांच्यात कोणी मध्यस्थ नसतो. पण त्याच कारणाने पाहणाऱ्याला संकोच होतो. समोर बसलेल्या मुलीचे मन मोडावेसे वाटत नाही. आपण लिहिले ते खोटे होते असे मी म्हणणार नाही, ते रिकामे होते. तिच्या वहीत त्या आठवड्यात ‘अप्रतिम’ हा शब्द बहुधा शंभरदा आला असेल.

काही वर्षे मीही चित्रे काढत होतो आणि माझे एक छोटे प्रदर्शन झाले होते. त्या वहीतील एकच नोंद मला आज शब्दशः आठवते. कोणी लिहिली ते कळले नाही, सही नव्हती. ‘तिसऱ्या चित्रातल्या खिडकीपाशी मी परत आलो. बाकी चित्रांत रंग आधी ठरवून ठेवल्यासारखे वाटतात.’ पहिले वाक्य वाचून मी सुखावलो आणि दुसरे वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण ते खरे होते. त्या माणसाने ‘आवडले’ किंवा ‘आवडले नाही’ यांपैकी एकही शब्द वापरलेला नव्हता.

आपण तसेच लिहावे. कोणत्या चित्रासमोर थांबलात आणि त्यात नेमके कोठे थांबलात, ते एका वाक्यात लिहावे. जी आवडली नाहीत त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही ठोस दिसले असेल, तर तेही लिहावे, पण केवळ नापसंती असेल तर ती सोडून द्यावी. चित्राचे नाव आठवत नसेल, तर ‘दाराजवळचे’ किंवा ‘निळ्या पायऱ्यांचे’ एवढे पुरते, काढणाऱ्याला ते बरोबर कळते. वही नको वाटली, तर तिच्याशी बोलावे आणि त्या दोन चित्रांपैकी आधी कोणते काढले, हे विचारावे. ती आपल्याला चित्रापाशी घेऊन जाईल.